पाणी कुठून शिरतं

‘वॉटरप्रूफ आहे’ असं कुणी म्हणालं की आजही माझं डोकं सरकतं. घड्याळ असो नाहीतर मोबाईल, दुकानदार ते वाक्य असं फेकतो की जणू त्यानं स्वतः त्या वस्तूला रोज अंघोळ घातली आहे. मी विचारते, आत रबर कुठलं आहे, किती जाड आहे, बदलून मिळतं का? तो वॉरंटीचं कार्ड पुढं सरकवतो. बरोबर आलेली भाची माझा दंड धरून मला दुकानाबाहेर काढते. म्हणते, आत्या, घड्याळ घ्यायला आलोय, भांडायला नाही. पण मी करू काय? ऐन उमेदीची वर्षं मी एका पाण्याच्या टाकीकडे बघत काढली आहेत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला आणि मला कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात नोकरी लागली. तिथं शेतातल्या मोटारीला लावायचे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बनायचे. वीज कमी-जास्त झाली, एखादा फेज गेला, विहिरीतलं पाणी तळाला गेलं, की मोटार जळायच्या आत ती बंद करायची, एवढंच त्याचं काम. आत सर्किटची हिरवी पाटी, तिच्यावर बारके दिवे. बाहेर ॲल्युमिनियमचा ओतीव डबा. डब्याच्या तोंडाला चहूबाजूंनी खाच, खाचेत काळ्या रबराची दोरी, तिच्यावर झाकण आणि कोपऱ्यांवर स्क्रू. हा डबा ओढ्याकाठी, विहिरीवर, उघड्या रानात बारा महिने राहणार. पाण्याचा एक थेंब आत गेला की ती हिरवी पाटी पांढरी-निळी बुरशी धरल्यासारखी होते आणि खेळ खलास.

माझं काम टाकीवर. वायरसाठी ठेवलेल्या भोकातून सायकलच्या पंपानं डब्यात थोडी हवा भरायची, डबा टाकीत बुडवायचा आणि बघत राहायचं. बुडबुडा आला तर डबा बाद. नाही आला तर झाकणाच्या पाठीवर माझा शिक्का. ऐकायला सोपं वाटतं. पण पंखा लावला की पाणी हलतं आणि बारका बुडबुडा दिसत नाही, म्हणून त्या खोलीत पंखा नव्हता. उजेड पाण्यावर चमकतो म्हणून खिडकीला पुठ्ठा ठोकलेला. टाकी आतून काळी रंगवलेली, वर एक बल्ब. एप्रिल-मे महिन्यात त्या खोलीत मी उकडून निघायचे, आणि समोर थंड पाणी, ज्यात मला फक्त कोपरापर्यंतचे हात घालायची परवानगी. हातांची कातडी कायम सुरकुतलेली. दार उघडून कुणी आत आलं की पाणी हलायचं आणि मी खेकसायचे. हळूहळू कुणी यायचंच बंद झालं.

रबराबद्दल लोकांचा समज असा, की रबर म्हणजे भिंत. चूक. रबर पाणी अडवत नसतं. रबर दाबलं की ते परत उठायला बघतं, आणि त्याच्या त्या उठायला बघण्यानं झाकण आणि डबा यांच्यामधली फट बुजते. म्हणून त्याला दाबायचं, पण बेतानं, खाचेत थोडी जागा ठेवून. जागा ठेवली नाही तर ते चिरडतं. आणि फार वर्षं दाबून ठेवलं तर ते उठायचंच विसरतं. जुना डबा उघडून रबर बाहेर काढलं तर ते पट्टीसारखं चपटं होऊन हातात येतं, सोडलं तरी गोल होत नाही. अशा रबरांनी भरलेलं एक पत्र्याचं खोकं माझ्या टेबलाखाली होतं.

घरी आम्ही तिघं. मी, आई आणि दादा. वडील मी शाळेत असतानाच गेले. दादा फाउंड्रीत होता. माझ्यासाठी त्यानं स्वतःचं शिक्षण सोडलं, हे तो कधी बोलून दाखवायचा नाही. पण संध्याकाळी सहाच्या सिटी बसला मी उतरले नाही तर तो स्टॉपवर येऊन उभा असायचा, भट्टीच्या राखेनं माखलेला, हाताची घडी घालून. काही विचारायचा नाही. नुसता पुढं चालायला लागायचा आणि मी मागं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, काय जीव लावतोय बहिणीला. मला वाटायचं, जरा कमी लाव की बाबा.

आई मात्र माझ्या बाजूची. ती घरात वाकळा शिवायची, जुन्या लुगड्यांचे थर घालून. सकाळी डबा हातात देताना म्हणायची, “जा माझ्या वाघा.” संध्याकाळी मी तिच्याजवळ बसून दिवसभराची सगळी आग ओकायचे. कोंदट खोली, मालक, शिक्का, दादाचं स्टॉपवर उभं राहणं. ती टाके घालत ऐकायची. मध्येच म्हणायची, “व्हय की. अवघडच हाय.” तेवढ्यानं मला बरं वाटायचं. सगळ्या जगात एक माणूस तरी माझ्या बाजूनं आहे, असं वाटायचं.

आणि मला पाहिजे काय होतं, तर फिरतीची नोकरी. आमच्या कारखान्याचा एक फिरतीचा माणूस होता. शिवाजी पेठेतला, आडदांड, आवाज असा की टाकीतलं पाणी हलावं. मोटारसायकलवर हत्यारांची पिशवी टाकून तो रानोमाळ हिंडायचा, नवे डबे बसवायचा, बिघडलेले काढून आणायचा. माझ्या खोलीत दार न वाजवता येणारा तो एकटा. आला की आधी त्याच्या तालमीच्या फुटबॉल टीमनं कुणाला कसं धुतलं ते, आणि मग गगनबावडा. तिथलं धुकं, कड्यावरून खाली दिसणारं कोकण, पावसात टपरीवर मिळणारी कांदाभजी, झाडाच्या बुंध्यावर वाढलेलं हिरवं शेवाळ. “हात पुढं केला तर हात दिसत न्हाय बघ,” म्हणायचा. मी ऐकत राहायचे. त्याचे गुडघे गेले होते आणि त्याच्या जागी कुणीतरी लागणार होतं. मला ती जागा पाहिजे होती. दुसरं काहीच नको होतं. सर्किट मला येत होतं, डबा मला येत होता, मोपेड मी चालवायला शिकले होते. एका खिडकी नसलेल्या खोलीतून मला गगनबावड्याला जायचं होतं, बस.

त्यात त्या पावसाळ्यात डबे परत यायला लागले. आत पाणी. सगळ्यात जास्त गगनबावड्याच्या पट्ट्यातून. मालकानं मला बोलावून घेतलं. एक डबा टेबलावर उपडा करून ठेवला होता आणि माझा शिक्का वर.

“हा शिक्का कुणाचा हाय?”

“माझा.”

“मग पाणी कुठनं आलं?”

“इथून सुटला तेव्हा कोरडा होता,” मी म्हणाले. “तिकडं काय होतं ते बघायला मला तिकडं पाठवा.”

मालक हसला. म्हणाला, “आधी हितं बसून शोध. गळती शोधलीस की फिरती तुझी. शब्द देतो.”

सगळ्या कारखान्यानं खापर माझ्या डोक्यावर फोडलं होतं आणि मला मात्र आनंद झाला होता. शब्द मिळाला होता ना.

आधी मी जुळणी करणाऱ्यांना धरलं. आमच्या कोल्हापुरात घट्ट म्हणजे पक्कं, असा एक समज आहे. स्क्रू आवळायला बसलेले दोघं तालमीतले, दंड मांडीएवढे. एक कोपरा पिरगाळून पिरगाळून पार बसवायचे आणि मग दुसऱ्याकडे. रबर तिथं चिरडायचं आणि झाकण मधल्या भागात उचललं जायचं. मी म्हणाले, समोरासमोरचे कोपरे घ्या, थोडं थोडं आवळा. तर एकजण म्हणतो, “ढिलं ऱ्हायलं तर?” म्हटलं, राहू दे ढिलं, मी बघते. महिनाभर मी त्यांच्या डोक्यावर उभी राहिले. त्यांनी माझं नाव काय ठेवलं होतं ते मला माहीत आहे, इथं लिहिण्यासारखं नाही. पण सवय सुटली.

तरी डबे येतच राहिले. कमी झाले, थांबले नाहीत.

परत आलेला डबा मी नवं रबर घालून बुडवायचे, तर एक बुडबुडा नाही. तेच जुनं रबर ठेवून बुडवला, की एकाच जागेतून बुडबुड्यांची माळ. त्या जागी रबरावर एक बारका खड्डा असायचा, लांबट. मी रबरवाल्याला फोन करून झाडलं. तुमचा साचा खराब आहे, असं मी त्याला सुनावलं. तो बिचारा म्हणाला, “बाई, माझ्या साच्यात असला खड्डा कुठंच न्हाय. हवं तर येऊन बघा.” म्हटलं, मी कुठून येणार? मला या खोलीतून बाहेर कोण सोडतंय?

त्या दिवसांत मला रात्री डबे दिसायचे. मीच आत आहे आणि बाहेरून कुणीतरी पंप मारतंय, असलं काहीतरी. आईला सांगितलं तर म्हणाली, “पोट रिकामं ठिवून झोपू नगंस.”

मग एकदा असं झालं. एक डबा आला, त्याच्या खाचेच्या तळाला, रबराखाली, कसलातरी पिवळट मळ चिकटला होता. गंज म्हणावा तर ॲल्युमिनियम गंजत नाही आणि स्क्रू पितळेचे. जवळ फडकं नव्हतं म्हणून मी कमरेच्या रुमालानं तो पुसून काढला आणि विसरून गेले. रविवारी धुण्याला बसले. रुमाल दगडावर टाकला, साबणाची वडी फिरवली, आणि तो पिवळा डाग माझ्या डोळ्यांदेखत लालभडक झाला.

मी तशीच बसले. नळ वाहत होता. शेजारीण म्हणाली, “अगं पाणी चाललंय की.” चाललं तर चालू दे.

कुठल्याही घरातल्या पोरीला विचारा, साबण लावल्यावर कुठला डाग लाल होतो. हळद. ज्या डब्यात पाणी शिरायला नको, वारा शिरायला नको, त्याच्या आत, रबराच्या खाली, हळद कुठून आली?

सोमवारी फिरतीचा माणूस यायची वाट बघत मी दारातच उभी राहिले. आल्या आल्या विचारलं, “डब्यात हळद कशी काय?”

“म्हंजे?” तो म्हणाला. “पूजा करत्यात की.”

“कशाची?”

“मशिनची. नवीन आणल्यावर पूजा करायला नगं? मी वायरी जोडतो, दिवे लागत्यात, मग घरची बाई येती, हळदकुंकू लावती, अक्षता टाकती, नारळ फोडत्यात. मग झाकण लावतो.”

“झाकण उघडं असताना?”

“बंद डब्याला कोण पूजा करंल? आत हाय न्हवं का मशिन.”

अक्षता. माझ्या डोळ्यांसमोर तो लांबट खड्डा आला. मी विचारलं, “मग परत आणताना डब्यात तांदूळ, कुंकू काहीच कसं नसतं?”

“पुसून आणतो की. देवाचं लावलेलं हितं घाणीत आणून टाकायचं व्हय? तिथंच ओढ्यावर सोच्छ धुतो आणि तांदूळ पाण्यात सोडतो.”

म्हणजे माझ्यापर्यंत येणारा प्रत्येक डबा हा माणूस भक्तिभावानं धुऊन पुसून आणत होता आणि मी इथं बसून रबरवाल्याला शिव्या घालत होते. मी म्हणाले, “हे मला इतके दिवस सांगितलं का नाही?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला आजही माहीत आहे. म्हणाला, “त्यात सांगायचं काय? सगळ्यांस्नी म्हायती हाय. तुमच्यात पूजा नसती न्हवं, म्हणून तुला म्हायती न्हाय.”

खरं होतं. आमच्या आजोबांनी छप्पन साली देव नदीला सोडले. आमच्या घरात देव्हारा नाही, मशिनची पूजा नाही. पण ते त्यानं तसं म्हटल्यावर मला कानशिलं तापल्यासारखं झालं. सगळ्या कारखान्याला माहीत असलेली गोष्ट मला एकटीला माहीत नव्हती. आणि सगळ्यांना माहीत होती म्हणूनच ती कुणाला दिसत नव्हती. मी तडक निघाले. कँटीनमधून मूठभर तांदूळ मागून आणले.

एक दाणा रबरावर ठेवला, झाकण बसवलं, समोरासमोरचे कोपरे घेऊन थोडं थोडं आवळलं, हवा भरली आणि डबा बुडवला. त्या दाण्याच्या दोन्ही बाजूंनी बुडबुडे सुटले, सरळ वरपर्यंत. बाहेर काढून रबर बघितलं. तोच खड्डा, तोच लांबटपणा. फिरतीचा माणूस माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. म्हणाला, “आयला.” मला मात्र हसू आवरेना, आणि हसता हसता रडू आलं. खोली तीच होती, बल्ब तोच होता, पण मला वाटलं, सुटले मी.

मालकाला दाखवलं तेव्हा तो घाबरला. म्हणाला, “ही गोष्ट भाईर काढू नगस. पूजेनं मशिन बिघडलं असं म्हटलं तर शेतकरी माझं टाळकं फोडतील. आणि तूच सांगितलंस असं कळलं तर...” पुढचं त्यानं गिळलं. मला कळायचं ते कळलं.

मी म्हणाले, पूजा थांबवा असं मी कुठं म्हणते? क्रम बदला. आधी झाकण लावा, मग मोटार चालवून दाखवा, आणि मग पूजा. झाकणावर काय पाहिजे ते लावू दे, नारळाचं पाणी ओतू दे, दुधानं न्हाऊ घालू दे, डबा ते सोसतो. मालक बराच वेळ टाळकं खाजवत बसला. शेवटी फिरतीचा माणूसच म्हणाला, “मी बघतो. मी सांगतो त्यांस्नी.”

आणि त्यानं सांगितलं. बसवून झालेले डबेही त्यानं हळूहळू उघडून साफ केले, रबरं बदलली. आल्यावर मला सांगायचा. एकही शेतकरी भांडला नाही. एकजण तर म्हणाला होता, “आधीच सांगायचं न्हाय व्हय, येड्यागत तांदूळ टाकत बसलो की.” मालक ज्याला एवढा भीत होता त्याचं कुणालाच काही नव्हतं.

पुढचा पावसाळा आला. गगनबावड्याला तो कोसळायचा तसा कोसळला. मी टाकीवर बसून परत येणाऱ्या डब्यांची वाट बघत होते, आणि डबे येत नव्हते. श्रावण गेला, गणपती गेले. फिरतीचा माणूस जिन्याचा कठडा धरून चढायला लागला होता. दसरा झाला आणि मी ठरवलं, आता बोलायचं. त्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून गेले होते. आईनंच विचारलं, “आज काय हाय गं?” म्हटलं, “आल्यावर सांगते.”

मालकानं मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, “पोरी, काम एक नंबर केलंस.”

“मग फिरती?”

तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. “तुला काढली तर टाकी कोण बघणार?”

“मी शिकवते कुणालाही. महिन्यात शिकवते.”

“तसं न्हवं गं.” तो खुर्चीत हलला. “तुझ्या घरनं सांगून गेल्यात. पोरीला भाईर धाडू नका म्हणून.”

मला नवल वाटलं नाही. राग आला, तो नेहमीचाच. म्हटलं, “दादा आला होता ना? त्याचं मी बघते. तो काही...”

“दादा न्हवं,” मालक म्हणाला. “तुझी आई. तू कामाला लागलीस त्याच आठवड्यात आली हुती. त्या बाकड्यावर बसली. म्हणाली, पोरगी हट्टी हाय, भाईर जातो म्हणंल, तुमी तिला आतच ठेवा. पदर पसरला बाईनं. मी शब्द दिला.”

मला चहा दिसेना. मी म्हणाले, “मग मला का शब्द दिलात?”

तो खरं बोलला, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. म्हणाला, “मला काय वाटलं हुतं, तू शोधशील म्हणून.”

त्या दिवशी मी सहाच्या आधीच घरी आले. आई दारात वाकळ पसरून बसली होती. सकाळचं ‘जा माझ्या वाघा’ माझ्या कानात होतं, आणि रोज संध्याकाळचं ‘व्हय की, अवघडच हाय’. मी चप्पलही काढली नाही.

“तू मालकाकडं गेलतीस?”

तिची सुई थांबली नाही. “व्हय.”

“दादाला माहीत आहे?”

“न्हाय. त्याला कशाला.”

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. इतकी वर्षं दादावर काढलेला राग, त्या कोंदट खोलीतला राग, सगळा मी तिच्या अंगावर ओतला. तू मला फसवलंस म्हणाले. रोज माझं ऐकून घेत होतीस आणि कडी तूच घातली होतीस म्हणाले. शेजारणी दारात आल्या. आईनं मला बोलू दिलं. मी दमून गप्प झाले तेव्हा तिनं टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली,

“त्या गगनबावड्याच्या रस्त्यावर मी खडी फोडलीया. तुझ्या बापासंगं लगीन व्हायच्या आदी. तरटाच्या पालात ऱ्हायचो आमी. पावसाचं.”

मी उभीच होते.

“मुकादमाला बरूबर म्हायती असायचं, कुणाचा बाप आज पालात हाय आणि कुणाचा बाजाराला गेलाय.” तिनं सुईत नवा दोरा ओवायला घेतला. तो जाईना. तिनं टोक ओलं केलं, परत धरलं. “पालाला दार नसतंय, बाई.”

तो दोरा मी ओवून दिला. दुसरं काय करणार होते? पुढचं विचारायची माझी छाती नव्हती, आणि तिनं तेव्हाही सांगितलं नाही, नंतरही कधी नाही. मला तिच्यावर ओरडायचं होतं अजून. सांगायचं होतं की तो काळ गेला, माझ्याकडे डिप्लोमा आहे, मोपेड आहे, मी कुणाच्या पालात राहणार नाही. पण तिनं घातलेला पुढचा टाका वाकडा गेला, आणि ते मला बघवेना.

इतक्यात दादा आला, नेहमीसारखा माखलेला. स्टॉपवर मी दिसले नाही म्हणून धावत आला होता. म्हणाला, “काय झालं? कामावर कुणी काय बोललं?”

आईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा.

“काही नाही,” मी म्हणाले. “मालकानं शाबासकी दिली.”

“चांगलं झालं की,” दादा म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी टाकीवर गेले. फिरतीवर एक नवा तरुण लागला, त्याला सर्किटमधलं मीच शिकवलं. दोन हजार साल उलटलं, कंट्रोलर मोबाईलवर चालायला लागले, रबराच्या जागी सिलिकॉन आलं, खोलीत हवेच्या दाबावरून गळती ओळखणारं परदेशी यंत्र आलं आणि मी त्या यंत्रावर बसले. आई गेली तोवर मी तिथंच होते. तिच्याशी मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही, तिनंही नाही. फक्त ‘जा माझ्या वाघा’ तिनं त्या दिवसापासून बंद केलं. डबा मुकाट्यानं हातात द्यायची.

कोल्हापुरातून सकाळी निघालं तर गगनबावडा बघून दुपारच्या जेवणाला परत येता येतं. भाची दर पावसाळ्यात गाडी काढते आणि म्हणते, आत्या, चल की. मी काहीतरी कारण सांगते. आई असेपर्यंत तिच्यादेखत जाववलं नाही. आता अडवायला कुणी नाही, पण तिथं जायचं म्हणजे त्याच रस्त्यानं जायचं.